अठरा तारखेची रात्र

आधीच सांगून टाकतो, मी जन्मात कधी विमानात बसलो नाही. पण प्रवास कसा करावा हे मला कुणी शिकवायचं काम नाही. चौदा वर्षं एसटीत कंडक्टर होतो आणि पुढची अठरा वर्षं पाथरीच्या स्टँडवर कंट्रोलर. चौकशीची खिडकी माझी. सेलूची गाडी कधी, माजलगावची लागली का, शिर्डीला जायला कुठं उतरून बदलावं, म्हातारीला पुण्याच्या गाडीत बसवून देता का, सगळी दुनिया त्या खिडकीतून मला विचारायची. मी कुणाला विचारायची वेळ कधी आली नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी आमची सत्यशीलाबाई म्हणते, "नोकरी सुटली, पण तुमच्या अंगातली खिडकी काही बंद होईना." बायकोचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

तर माझी पुतणी धम्मशीला. माझा थोरला भाऊ नागनाथ, त्याची ही एकुलती एक. नागनाथ जाऊन नऊ वर्षं झाली. पेडगावला तीन एकर काळं रान आहे, ते सरजाबाई वहिनी एकट्या बघतात. पोरगी परभणीत आमच्या घरी राहून शिकली, एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करायलीय. विषय काय, तर भेगा. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात त्या. पहिलं पाणी त्या भेगांतून किती खाली जातं आणि पिकाच्या मुळाला किती लागतं, हे ती तीन वर्षं मोजत होती, त्यातलं दीड वर्ष आईच्याच रानात. मी सुरुवातीला चेष्टा केली. म्हणालो, "भेगाच मोजायच्या तर माझ्या टाचा बघ, पेडगावला कशाला जातीस." ती हसली आणि मोजत राहिली.

ऑगस्टात तिला पत्र आलं. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना म्हणून शहर आहे, तिथं मातीवर मोठी परिषद. वीस नोव्हेंबरला सकाळी साडेनऊ वाजता हिनं पंधरा मिनिटं बोलायचं आणि तिथंच आपलं पोस्टर लावायचं. विमानाचं भाडं एका योजनेतून मिळालं. ते एकदाच मिळतं, आणि तिकीट असं की चुकलं तर गेलं, बदलून मिळत नाही. दुसरं काढायची आमची ऐपत नाही. म्हणजे ते विमान गाठलं तर व्हिएन्ना, नाही तर परत पेडगाव. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच मी तिला म्हणालो, "तू तुझ्या भेगांचं बघ. प्रवासाचा जिम्मा माझा." तिनं तो माझ्यावर सोडला. नागनाथ गेल्यापासून तिच्या प्रत्येक अर्जावर पालकाची सही माझी आहे. हे सांगायची गरज नाही, पण सांगतो.

परिषदेवाल्यांनी अकरा पानांचं पत्रक पाठवलं होतं, बाहेरदेशातून येणाऱ्या लोकांसाठी. धम्मशीला इंग्रजीतून वाचून सांगायची आणि मी वहीत मराठीत उतरवून घ्यायचो. माणसं शहाणी दिसली. पासपोर्ट सदा अंगाजवळ ठेवा, त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या बॅगेत ठेवा. गोळ्या सुट्ट्या आणू नका, पाकिटासकट आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणा. हे बरं झालं, कारण आमच्या गल्लीतले डॉक्टर पित्ताच्या गोळ्या पेपरच्या पुडीत बांधून देतात, आणि तसली पुडी घेऊन ही तिकडं उतरली असती तर तिथल्या पोलिसांनी काय समजायचं. नळाचं पाणी बिनघोर प्या. थंडी असेल, एकावर एक कपडे घाला. प्लगला दोन गोल पिना लागतात. मी स्टेशन रोडवरून चारशे रुपयांचा अडाप्टर आणला, मग कळलं की हिच्या मोबाईलचा चार्जर तिकडं तसाच बसतो. तरी मी अडाप्टर बॅगेत ठेवायला लावला.

मला खटकलं ते ट्रामचं. तिकडं ट्राममध्ये कंडक्टरच नसतो. तिकीट आपण आधी काढायचं, आपणच मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा आणि गुपचूप बसायचं. मधूनच एखादा साध्या कपड्यातला माणूस उठून तिकीट दाखवा म्हणतो, नसलं तर मोठा दंड.

"म्हणजे लाईन चेकिंग आहे आणि कंडक्टर नाही," मी म्हणालो.

"हो काका."

"मग ज्याच्याकडं सुट्टे नाहीत त्यानं भांडायचं कुणाशी?"

"तिकडं कुणी भांडत नाही."

मला हे काही पटलं नाही, पण लिहून घेतलं. त्यात माझ्या पदरच्या सूचना घातल्या. बॅग पायात ठेवायची. अनोळखी माणसानं दिलेला पेढा खायचा नाही. उतरल्यावर सीटवर एकदा वळून बघायचं. अशा सगळ्या मिळून एक्केचाळीस झाल्या. बॅग गिरणीवर नेऊन दळणाच्या काट्यावर तोलली, साडेएकवीस किलो. तेवीसपर्यंत चालते. गिरणीवाला म्हणाला, "काय दळायचंय साहेब, बारीक का जाडं?" पोस्टरची गुंडाळी चुरगळू नये म्हणून ठिबकच्या दुकानातून चार इंची पाईपाचा तुकडा आणला, दोन्ही बाजूंनी टोपणं बसवली. धम्मशीला म्हणाली, लोक मला प्लंबर समजतील. मी म्हणालो, समजू दे, पोस्टर सरळ राहील.

आता तिकीट. तिकिटावर लिहिलं होतं, मंगळवार, अठरा नोव्हेंबर, मुंबई, ००.४०. म्हणजे रात्रीचे बारा चाळीस. हे मला वाचता येतं. आमच्या खिडकीवर रात्रपाळी दहाला लागायची आणि सकाळी सहाला सुटायची. पाळी ज्या तारखेला लागली ती तारीख सकाळपर्यंत चालायची. रात्री बारा वीसला लांब पल्ल्याची एक गाडी यायची, ती मी रजिस्टरात त्याच पानावर लिहायचो. तारीख बदलली म्हणून कुणी मध्येच पान उलटत नाही. अठरा वर्षं हात तसाच वळला. तेव्हा अठराचे बारा चाळीस म्हणजे अठराला जेवून विमानतळ गाठायचं, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. सतराच्या रात्रीच्या गाडीचं परभणी ते मुंबई आरक्षण केलं. अठराला सकाळी मुंबई, दिवसभर सत्यशीलाच्या भावाकडं आराम, संध्याकाळी विमानतळ.

मध्ये एकदा धम्मशीला म्हणाली, "काका, परिषदेवाल्यांनी हॉटेलची खोली अठरा तारखेपासून कशी धरलीय? मी तर एकोणीसला पोचणार ना?" मी म्हणालो, "निघायच्या तारखेपासून धरतात. आमच्याकडं रेस्ट रूमला सुद्धा तसंच लिहायचे." तिला थिसिसचं एवढं काम होतं की तिनं मान हलवली आणि परत लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

आणि वहिनींनी विचारलं होतं, हे मी लपवणार नाही. पंधरा दिवस आधी त्या परभणीला आल्या होत्या. भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "भाऊजी, इमान कोणत्या रातचं हाय?"

"अठराच्या."

"मंजी सतराची रात सरताना, का अठराची?"

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही धपाट्यांचं बघा. ह्यातलं तुम्हाला नाही कळायचं."

त्या गप बसल्या. वहिनी गप बसल्या की त्यांना पटलं असं मी समजतो. चाळीस वर्षं मी ह्याच गैरसमजात काढली.

सोमवार उजाडला, सतरा तारीख. गाडी रात्री नऊच्या सुमाराची. धम्मशीला म्हणाली, "सकाळी आईला भेटून येऊ. तिला पोस्टर दाखवायचंय." मी स्कूटर काढली. ती मागं बसली, मांडीवर आडवा पाईप. साडेआठला पेडगावला पोचलो. वहिनींनी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून ठेवली होती. पोरीनं वंदन केलं, मग बाजेवर पोस्टर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

वरच्या बाजूला इंग्रजी अक्षरं, खाली आकडे, आणि मधोमध मोठा फोटो. काळं भेगाळलेलं रान आणि त्या भेगेत कोपरापर्यंत घातलेला एक हात. हिरव्या बांगड्या.

वहिनींनी पिठाचा हात पदराला पुसला आणि वाकून बघितलं. "ह्यो माझा हात हाय का?"

"तुझाच. भेग किती खोल आहे ते दाखवायला पट्टी लहान पडत होती."

"आन् ह्यो सगळ्या लोकायला दाखवणार तिकडं?"

"हो. सगळ्यात मोठा फोटो तोच आहे."

वहिनींनी फोटोतल्या हातावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं होतं की. बऱ्या बांगड्या घातल्या असत्या."

आम्ही हसत होतो तेवढ्यात दारात बन्सीधर आला. बन्सीधरचं रान वहिनींच्या बांधाला लागून. पेडगाव ते परभणी त्याची जीप चालते. बोअर दोघांत मिळून आहे, त्यामुळं पाण्याचा वखत दोघं बोलून ठरवतात. "रामराम कंट्रोलर साहेब," असं मला म्हणून तो वहिनींकडं वळला. "सरजामाय, मंगळवारपासून शेताची लाईट साडेबाराची आली. हरभऱ्याला पाणी द्यायचं आसंल तर आज रातच्याला जावं लागंल. पयली पाळी तुमची."

"जाते की," वहिनी म्हणाल्या. "पोरीला वाटं लावते आन् जाते."

आता मला कुठं गप बसवतंय. मी म्हणालो, "बन्सीधर, मंगळवारची लाईट म्हणता आणि आज सोमवारी कामून जायलेत?"

त्यानं मोबाईल पुढं केला. गावाच्या ग्रुपवर लाईटचा तक्ता आला होता. मंगळवार, ००.३० ते ०८.३०.

"हे बघा," मी म्हणालो. "मंगळवार लिहिलंय. म्हणजे उद्या जेवून जायचं. उगं आजची झोप कशाला मोडता."

बन्सीधर माझ्याकडं बघायला लागला. त्याला कळेना, साहेब चेष्टा करायलेत का खरंच बोलायलेत. वहिनी धपाटं थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "तसं तुमचे भाऊ एकदा गेलते," त्या म्हणाल्या. "मंगळवार लिवलंय मनून मंगळवारी जेवून गेले. आमची पाळी आदल्या राती येऊन गेल्ती. दुसऱ्याचं पाणी चाललं होतं. परत आठ दिवस पाळी आली न्हाई आन् त्या साली हरभऱ्याचे घाटे भरलेच न्हाईत."

"पण वहिनी, रात्र तर..."

"बारा वाजले की तारीख पलटती, भाऊजी. मंगळवार साडेबारा मंजी सोमवारी जेवायचं, बॅटरी घ्यायची आन् निघायचं. रानात समद्याला ठाऊक हाय हे."

मी तोंड उघडलं. रजिस्टरात कसं लिहितात ते मी त्यांना समजावून सांगणार होतो. आणि उघडलेलं तोंड तसंच राहिलं. खिशात तिकिटाची घडी होती, ती मला कापडातून टोचायला लागली.

वहिनींचा हात धपाट्यावर थांबला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पोरीच्या इमानाचं काय लिवलंय ते वाचा बरं."

मी घडी उलगडली. "मंगळवार," मी वाचलं. "अठरा. शून्य शून्य चाळीस."

तव्यावरचं धपाटं करपायला लागलं होतं, कुणी उलथलं नाही.

"मंजी आज," वहिनी म्हणाल्या.

मी उंबऱ्यावर बसलो. बत्तीस वर्षांत माझ्या सांगण्यावरून एक माणूस चुकीच्या गाडीत बसला नव्हता, आणि चुकवली ती कुणाची, तर माझ्या नागनाथच्या लेकीची. धम्मशीलानं मोबाईल उघडून बघितलं, परत बघितलं आणि खाली ठेवला. चारी वाट्या उचलल्या, पोस्टर गुंडाळलं, पाईपात घातलं आणि टोपण लावायला लागली. टोपण काही बसेना. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वहिनींनी तव्याखालची गॅसची शेगडी बंद केली. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला. म्हणाल्या, "आता गाडी कोणती हाय ते सांगा. ते तुमाला येतं."

एवढंच म्हणाल्या. मी पाणी प्यालो आणि डोकं चालू झालं. घड्याळात नऊ वीस. परभणीहून दिवसाची मुंबई गाडी सव्वाअकराला. ती ठाण्याला सव्वानऊपर्यंत जाते. ठाण्याहून टॅक्सीनं विमानतळ, सव्वा तास धरा. विमानाचं काउंटर अकरा चाळीसला बंद. म्हणजे गाडी वेळेवर असली तर तासभर हातात राहतो. आरक्षण नाही, जनरलच्या डब्यात जावं लागेल. पासपोर्ट कुठं आहे? पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होता, कारण माझ्या वहीतली तिसरी सूचना तीच होती. बॅग परभणीला घरी. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होतो आणि बोलता बोलता चपला घालत होतो.

"बसा जीपमधी," बन्सीधर म्हणाला. त्याच्या जीपमध्ये चार बायका आधीच बसल्या होत्या, त्या सरकल्या. वहिनींनी झालेली धपाटी फडक्यात बांधली, चटणीची पुडी वर ठेवली आणि त्याच लुगड्यावर त्याही चढल्या. मी सत्यशीलाला फोन लावला.

"बॅग घेऊन रिक्षानं स्टेशनवर ये."

"आत्ता? गाडी रात्रीची आहे ना?"

"होती."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चुकलो."

चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं असणार. टोमणा मारायची एवढी चांगली संधी, पण ती फक्त म्हणाली, "निघाले," आणि फोन ठेवला. तेव्हा मला कळलं की माझा आवाज कसा येत होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापसाची वेचणी चालली होती. जीपमधली एक बाई दुसरीला रोजगाराचं सांगत होती. धम्मशीला खिडकीबाहेर बघत होती, पाईप दोन्ही हातांनी धरून.

स्टेशनवर सत्यशीला बॅगेवर बसून वाट बघत होती. गाडी पंचवीस मिनिटं लेट. हातातला तासभर पस्तीस मिनिटांवर आला. मी जनरलची दोन तिकिटं काढून आणली.

"मी ठाण्यापर्यंत येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. "जागा धरतो, टॅक्सी करून देतो."

धम्मशीलानं माझ्या हातातून एक तिकीट घेतलं. "काका, मला व्हिएन्नाला एकटीनं जायचंय. ठाण्याला पण जाता येईल."

"गर्दी असते."

"उभी राहीन."

मग माझ्यानं राहवलं नाही. "धम्मे, चुकलो मी," मी म्हणालो. "तुझ्या आईनं विचारलं होतं, मी ऐकलं नाही."

ती म्हणाली, "तीन वर्षं मी भेगा मिलिमीटरमध्ये मोजल्या, काका. आणि तिकिटावरची तारीख मीच नीट वाचली नाही. तुम्ही आहात म्हणून वाचली नाही."

तिनं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मला ते आजसुद्धा लागतं.

गाडी आली. जनरलच्या डब्यात एका म्हातारीनं पोरीला पाय ठेवण्यापुरती जागा केली, मी बॅग आत ढकलली, पाईप खिडकीतून दिला. वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी धपाट्यांचं फडकं आत दिलं आणि म्हणाल्या, "तिथं भेगाचं सांगशीन तवा हात माझ्या मायचा हाय मनून सांग."

"सांगते," धम्मशीला म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनी बन्सीधरच्या जीपनं परत गेल्या, त्यांना रात्री रानात जायचं होतं. मी घरी आलो आणि मोबाईलवर गाडी कुठं आहे ते बघत बसलो. जालन्याच्या पुढं ती आणखी दहा मिनिटं मागं पडली. मनमाडला थोडी सावरली. सत्यशीलानं ताट वाढलं, मी जेवलो नाही. तिनं आग्रह केला नाही. ठाण्याला पोरगी पावणेदहाला उतरली. टॅक्सीत बसल्याचा निरोप आला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. अकराला पाच कमी असताना फोन वाजला. निरोप लिहिला होता, "बॅग दिली. साडेएकवीसच भरली. गिरणीचा काटा बरोबर आहे."

मी तो निरोप सत्यशीलाला वाचून दाखवला. शेवटपर्यंत वाचता आला नाही, तिनंच पुढचा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना फोन केला. म्हणाल्या, लाईट बराबर साडेबाराला आली, मोटर चालू केली, हरभरा निम्मा भिजला. "दहा मिन्टांनी वर बघितलं मी," त्या म्हणाल्या. "काय दिसलं न्हाई. इमान मुंबईहून जातंय, इथून कसं दिसंल. तरी बघितलं."

वीस तारखेला दुपारी फोटो आला. धम्मशीला कोट घालून उभी, शेजारी पोस्टर, आणि समोर पंधरा-वीस गोरी, काळी, चपट्या नाकाची माणसं वाकून वहिनींच्या हाताकडं बघायलीत. खाली लिहिलं होतं, आईचं नाव सांगितलं. मी तो फोटो घेऊन लगेच बसनं पेडगावला गेलो. वहिनी हरभऱ्यात खुरपत होत्या. मी बांधावर बसलो. त्यांनी फोटो बघितला, मोबाईल लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

मग मी खिशातून परतीचं तिकीट काढलं. पोरीला आणायला मुंबईला मी जाणार होतो. "वहिनी, ह्यावर मुंबईला उतरायची वेळ लिहिलीय. सोमवार, चोवीस, शून्य शून्य पंधरा," मी म्हणालो. "हे कोणत्या रात्रीचं?"

मला माहीत होतं. मी घरी तीन वेळा बोटांवर मोजून आलो होतो. तरी विचारलं.

वहिनींनी खुरपं खाली ठेवलं. "रविवारी जेवून इमानतळावर जायचं," त्या म्हणाल्या. "मंजी तुमी हितून शनवारच्या रातच्या गाडीत बसा." मग म्हणाल्या, "पंधरा दिवसामागं मी इचारलं होतं भाऊजी. तवा ऐकलं असतं तर पोरगी बसून गेली असती."

"चुकलो वहिनी."

"चुकलात," त्या म्हणाल्या, आणि परत खुरपं उचललं. दोन हात खुरपलं आणि वर न बघताच म्हणाल्या, "शनवारी मी बी येते. बन्सीधर बघल पाण्याचं. लेकीला उतरताना बघायचंय मला."

तिथून मी थेट परभणी स्टेशनवर गेलो. आरक्षणाच्या खिडकीपुढं रांग होती, रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा आत एक तरुण बाई होती, कपाळाला आठ्या, अगदी माझ्यासारखी. शनिवारची दोन तिकिटं मागितली. तिनं ती काढून खिडकीतून सरकवली आणि पुढच्या माणसाकडं बघायला लागली.

"बाई," मी म्हणालो, "ही शनिवारची म्हणजे कोणत्या रात्रीची?"

"काका, तिकिटावर तारीख लिहिलेली असते."

"असते," मी म्हणालो. "तरी एकदा सांगा."